दार लावलेली खोली आणि भरलेली सभा: एकांतातली प्रार्थना मंडळीच्या कामी कशी आणावी

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) दर बुधवारी रात्री कोणाच्या ना कोणाच्या घरी प्रार्थनासभा असते. त्या सभांची आखणी बरीच वर्षं माझ्याकडे आहे. इतक्या वर्षांत दोन चुका मला पुन्हा पुन्हा दिसल्या, आणि दोन्ही मनापासून प्रभूवर प्रेम करणारी माणसं करतात.

पहिली चूक अशी. घरी तासन्‌तास गुडघ्यांवर असणारा विश्वासी सभेत येतो आणि घरची सगळी प्रार्थना तिथे मांडतो. वीस-पंचवीस मिनिटं होतात. पोरं पेंगतात, म्हाताऱ्यांचे गुडघे आखडतात, नवा आलेला माणूस एक डोळा उघडून इकडेतिकडे बघतो. शेवटी ‘आमेन’ येतं तेव्हा कशाला आमेन म्हणायचं हेच कोणाच्या लक्षात नसतं.

दुसरी याच्या उलट. गायनाचा सराव, महिला मंडळ, संडे स्कूल, वर्गणी, आजाऱ्यांच्या भेटी यांत आठवडा संपतो आणि स्वतःचं शास्त्र (बायबल) रविवारी पिशवीतून निघतं ते थेट पुढच्या रविवारी.

दोघंही मला एकच प्रश्न विचारतात: “ताई, वेळ कसा वाटायचा?” माझं उत्तर असं की अडचण क्रमाची आहे. आधी खोली, मग चाळणी, मग समेट, मग सभा आणि सभेनंतर पुन्हा खोली. या साखळीतली एखादी कडी गाळली की वेळ कितीही दिला तरी गाडी अडते. खाली हाच क्रम दिला आहे. सोबत पवित्र शास्त्र उघडं ठेवा, विशेषतः प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा (१ करिंथ) १४ वा अध्याय. तिथली मंडळी नेमकी याच ठिकाणी अडखळत होती.

सुरुवातीआधीची तयारी

तीन गोष्टी जमवा.

जागा: दोन खोल्यांच्या घरात वेगळी खोली कुठून आणायची, हे मला सांगू नका, मी तशाच घरात वाढले. माझी आई चुलीजवळच्या पाटावर, सगळे उठायच्या आधी प्रार्थना करायची. मत्तय ६:६ मध्ये प्रभू येशू दार लावून घ्यायला सांगतो ते कोणी बघू नये म्हणून. गच्चीचा जिना, उभी केलेली रिक्षा, ड्यूटीआधी कारखान्याच्या गेटबाहेरचं झाड, काहीही चालेल. रोज तीच जागा असावी, एवढंच.

वेळ: वीस मिनिटांनी सुरुवात करा. उत्साहाच्या भरात पहाटे चारचा तास ठरवणाऱ्यांपैकी फार थोडे दुसरा महिना गाठतात. संपूर्ण शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचं म्हटलं तर रोज तीन-चार वाचावे लागतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ते ओझं घेऊ नये. मार्काचं शुभवर्तमान १६ अध्यायांचं आहे, रोज एक घ्या.

वही: शंभर पानी, रेघांची. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डाव्या बाजूला वर लिहा ‘खोली’, उजव्या बाजूला ‘मंडळी’. उजवी बाजू आठवडाभर रिकामीच राहणार आहे, ती तशीच राहू द्या.

तपासा: वही दुसऱ्या कोणाच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी आहे ना? नसेल तर डाव्या बाजूला तुम्ही खरं लिहिणार नाही.

टप्पा १: खोली

आधी वाचन, मग मनन, मग प्रार्थना. बहुतेक जण थेट मागण्यांवर येतात आणि पाच मिनिटांत त्यांचे शब्द संपतात. आधी वचन वाचलं की प्रार्थनेला विषय मिळतो.

येत्या रविवारी कोणता उतारा आहे ते पाळकसाहेबांना आधीच्या रविवारीच विचारून घ्या. आठवड्यातले निदान दोन दिवस घरी तोच उतारा वाचा. मग रविवारी बाकावर बसलेले तीस-चाळीस जण त्या वचनाशी आधीच बोललेले असतात. संदेश ऐकण्यात केवढा फरक पडतो, तो अनुभवूनच बघा.

मग प्रभूने शिकवलेली प्रार्थना, पण सावकाश. दार लावून घ्या म्हणणारा प्रभू तीनच वचनांनंतर, मत्तय ६:९ मध्ये, प्रार्थना शिकवतो ती ‘आमच्या पित्या’ अशी. खोलीत माणूस एकटा आहे आणि तोंडात ‘आमच्या’ आहे! मला हे कळायला फार वर्षं लागली. तेव्हापासून मी प्रत्येक ‘आमच्या’पाशी थांबते आणि मंडळीतलं एक नाव घेते. ‘आमची रोजची भाकर’ म्हणताना जिच्या नवऱ्याचं काम सुटलंय ती बहीण. ‘आमची ऋणे’ म्हणताना ज्याच्याशी माझं बिनसलंय तो भाऊ. वेगळी यादी करावी लागत नाही.

डाव्या रकान्यात रोज दोन-तीन ओळी लिहा: काय वाचलं, काय टोचलं, काय मागितलं. राग, शंका, पाप, रडणं, सगळं इथेच.

सावध राहा: वाचताना ‘हे अमक्याला ऐकवलं पाहिजे’ असं मनात आलं, तर ते वचन आधी स्वतःला ऐकवा. उपदेशाची तयारी म्हणून केलेलं मनन आठ दिवसांत कोरडं पडतं.

टप्पा २: चाळणी

मंगळवारी रात्री वही उघडा आणि डावा रकाना पहिल्यापासून वाचा. यातलं उजवीकडे काय जाणार ते आता ठरवायचं आहे. नव्वद टक्के चुका इथेच होतात, म्हणून या टप्प्याला घाई करू नका.

१ करिंथ १४:३ मध्ये पौलाने कसोटी दिली आहे: मंडळीत जे बोलायचं त्याने ऐकणाऱ्याची उन्नती व्हावी, त्याला उत्तेजन मिळावं किंवा त्याचं सांत्वन व्हावं. या तिन्हींपैकी एकही होत नसेल तर ती गोष्ट खोटी ठरत नाही. ती खोलीतली आहे, तिथेच राहू द्या.

मी प्रत्येक ओळीला चार प्रश्न विचारते.

हे माझं स्वतःचं आहे का? दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेलं दुःख त्याच्या होकाराशिवाय उजवीकडे जाणार नाही, प्रार्थनेची विनंती म्हणूनसुद्धा नाही.

उद्या समोर कोण बसणार आहे? नुकतंच मूल गमावलेल्या घरात माझ्या मुलाच्या नोकरीची साक्ष (प्रभूने काय केलं ते सभेत सांगणं) महिनाभर थांबू शकते.

हे पाच वाक्यांत बसतं का? १४:१९ मध्ये पौल म्हणतो की मंडळीत अन्यभाषेतल्या (आत्म्याच्या प्रेरणेने बोललेल्या, ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या भाषेतल्या) दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द त्याला अधिक मोलाचे वाटतात. आणि हे म्हणणारा माणूस, आदल्याच वचनात सांगतो, त्या सगळ्यांहून अधिक अन्यभाषा बोलणारा होता. खोलीतली त्याची श्रीमंती त्याने सभेत मोजूनमापून आणली.

हे मी ‘प्रभूने मला सांगितलं’ म्हणून मांडतेय का? तसं मांडलं की ऐकणाऱ्याला बोलायला जागाच उरत नाही. १४:२९ प्रमाणे संदेश देणाऱ्यांचं बोलणं बाकीच्यांनी पारखायचं आहे. म्हणून असं म्हणा: “वाचताना माझ्या मनात हे आलं, तुम्हीही पडताळून बघा.”

आठवड्याच्या वीस ओळींतून उजवीकडे दोन किंवा तीन येतील. एखाद्या आठवड्यात एकही येणार नाही, त्या बुधवारी तुम्ही ऐकायला जा.

पहिला प्रश्न मी स्वतः एकदा गाळला होता. एका बहिणीने मला तिच्या मुलीची सोयरीक मोडल्याचं सांगितलं, स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता. मी ते बुधवारच्या सभेत प्रार्थनेसाठी मांडलं. माझ्या मनात फक्त कळवळा होता. रविवारी उपासना सुटल्यावर चार बायकांनी त्या मुलीला गाठून विचारपूस केली. तिच्या आईने मला काहीच म्हटलं नाही, फक्त चार महिने सभेला आली नाही. आजही माझ्या वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ आहे: ‘विचारलंस का?’

तपासा: उजव्या रकान्यात दुसऱ्याचं नाव असेल तर त्याच्याशी बोलणं झालंय का? झालं असेल तर नावापुढे बरोबरची खूण करा. खूण नसेल तर नाव सभेत घेऊ नका. हवं तर ‘आपल्यातल्या एका घरासाठी’ एवढंच म्हणा. तेही ओळखू येण्यासारखं असेल तर राहू द्या.

टप्पा ३: समेट

मत्तय ५:२३-२४ मध्ये क्रम स्पष्ट आहे. वेदीजवळ अर्पण आणलंय आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायचा आणि मग येऊन अर्पण करायचं. आपण हा क्रम सर्रास उलटा करतो. ‘प्रभूजवळ मांडलंय, तो बघेल’ म्हणतो आणि सभेत त्या भावाच्या शेजारी बसून गीत गातो.

त्या सोयरिकीच्या प्रकरणानंतर मी त्या बहिणीच्या घरी जायला तीन आठवडे लावले. त्या तीन आठवड्यांत माझा डावा रकाना कोरा आहे. सकाळी बसायची, पण एक शब्द फुटत नसे. शेवटी गेले. दारातच म्हणाले, “माझं चुकलं, तुमची गोष्ट सांगायचा मला अधिकार नव्हता.” तिने आत घेतलं, पाणी दिलं. लगेच सभेला आली नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला प्रार्थना करता आली.

जाताना तीन गोष्टी पाळा. एकटे जा. चूक एका वाक्यात मान्य करा, ‘पण’ जोडू नका. त्याच्या घरात प्रार्थना सुरू करून त्याला क्षमा करायला भाग पाडू नका. तो म्हणाला तरच करा.

सावध राहा: मारहाण किंवा छळ झालेल्या माणसाला हा टप्पा ‘जा, समेट कर’ म्हणून सांगू नका. तिथे आधी त्याला सुरक्षित जागी आणायचं आणि जबाबदार माणसांची मदत घ्यायची.

टप्पा ४: सभा

वेळ ठरवताना सगळ्यांत उशिरा सुटणाऱ्या माणसाचा विचार करा. करिंथात प्रभुभोजनाला (प्रभूची आठवण म्हणून मिळून घ्यायच्या भोजनाला) काही जण आधी येऊन खाऊनपिऊन तृप्त होत आणि बाकीचे उपाशी राहत. पौल त्याच पत्रात ११:३३ मध्ये सांगतो, एकमेकांची वाट पाहा. राहुरी-श्रीरामपूरकडे उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या पाळ्या बदलतात, तेव्हा सभेची वेळही बदलायला हवी. कल्याण-विरारकडे लोकलने परतणाऱ्यांसाठी साडेसात ही वेळ नुसती कागदावर राहते.

घरमालकिणीने फक्त चहा करावा. एका घरी पोहे झाले की पुढच्या घरी शिरा होतो, आणि मग ज्याला परवडत नाही ते घर ‘आमच्याकडे नको, जागा लहान आहे’ म्हणू लागतं. जागेचं कारण पुढे आलं की मी आधी खाण्याचा विचार करते. हा नियम मंडळीने मोठ्याने ठरवून घ्यावा, म्हणजे कोणा एकीवर दडपण येत नाही.

एक तास असा बसवा: गीत पाच मिनिटं, वाचन आणि त्यावर बोलणं वीस, विनंत्या दहा, प्रार्थना वीस, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वाद. गीत सगळ्यांना पाठ असलेलं घ्या. ना. वा. टिळकांची भजनं आपल्या मंडळ्यांत अजून चालतात, कारण एका माणसाच्या काळजातून आलेली असली तरी ती टाळ धरणाऱ्या कोणालाही आपलीच वाटतात. नवीन चाल शिकवायची असेल तर गायनाच्या सरावाला शिकवा.

प्रार्थनेत प्रत्येकाने एकच विनंती धरावी आणि दोन-तीन मिनिटांत थांबावं. राहिलेली विनंती दुसरा कोणी घेईल, त्याला ती जागा ठेवा. प्रार्थनेतून बातम्या देऊ नका (“प्रभू, तुला माहीत आहे की काल दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की…”). विनंत्यांच्या दहा मिनिटांत ते माणसांना सांगा आणि प्रार्थनेत पित्याशी बोला. आवाज शेवटच्या रांगेतल्या आजींना ऐकू जाईल एवढा हवा, कारण ऐकू आलं तरच त्या आमेन म्हणतील. १४:१६ मध्ये पौलाची तक्रार हीच आहे: तू काय म्हणतोस ते कळलंच नाही तर दुसरा आमेन कसं म्हणेल?

अन्यभाषेबद्दल मंडळ्यामंडळ्यांत मतं वेगळी आहेत आणि त्या वादात मी इथे शिरत नाही. जिथे हे दान मानतात त्यांनी १४:२७-२८ जसंच्या तसं पाळावं: दोघे, फार तर तिघे, एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा हवा. अर्थ सांगणारा नसेल तर त्याने मंडळीत गप्प राहून स्वतःशी आणि देवाशी बोलावं. म्हणजे दान नाकारलं जात नाही, त्याची त्या दिवशीची जागा खोली आहे असं ठरतं. लांबलेली साक्ष आणि अलंकारिक संस्कृतप्रचुर प्रार्थना यांनाही मी हाच नियम लावते, कारण न कळणारी मराठीही ऐकणाऱ्याला परकीच.

तपासा: सभेत एकदाही न बोललेलं कोण होतं? पुढच्या वेळी वाचन त्याच्याकडे द्या, आणि आदल्या दिवशीच सांगा. ऐनवेळी पुस्तक हातात ठेवलं तर ज्याला नीट वाचता येत नाही त्याची फजिती होते आणि तो पुन्हा येत नाही.

टप्पा ५: परत खोलीत

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. सभा झाली, चहा झाला, चपला घातल्या, संपलं.

निघण्याआधी विनंत्या वाटून घ्या. प्रत्येकाकडे दोन नावं, आठवडाभर. गुरुवारी सकाळी डाव्या रकान्यात सगळ्यांत वर ती दोन नावं लिहा. शनिवारी त्यांना फोन करा किंवा भेटा. “प्रार्थना करतोय” एवढं सांगून फोन ठेवला तरी चालेल. पण दवाखान्यात डबा हवा असेल तर तो याच फोनवर कळतो. पुढच्या बुधवारी नवीन विनंत्या घेण्याआधी मागच्यांचं काय झालं ते विचारा. उत्तर मिळालं असेल तर उपकारस्तुती करा, मिळालं नसेल तर नाव पुढे चालू ठेवा. आमच्याकडे एका भावाची दारू सुटावी म्हणून त्याचं नाव दोन वर्षं वहीवर होतं.

सावध राहा: आजार, घरातली भांडणं, कर्ज हे मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. ग्रुपमधल्या सगळ्यांना ते कळावं असं त्या माणसाला वाटतं का, हे कोणी विचारत नाही आणि गेलेला मेसेज परत येत नाही. ग्रुपवर फक्त सभेचं घर आणि वेळ टाका.

सेवेचा भार वाढला तर

प्रेषितांची कृत्ये ६ व्या अध्यायात रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची हयगय होऊ लागली. बारा प्रेषितांनी तक्रार दाबली नाही, तसंच सगळं स्वतःच्या डोक्यावरही घेतलं नाही. सात जण निवडायला लावले आणि स्वतः प्रार्थना व वचनाची सेवा यांना चिकटून राहिले. विधवांचं काम हलकं होतं असं नाही. ज्यांच्यावर सोपवलं ते सातही आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असेच निवडले होते.

म्हणून एका माणसाकडे एक मोठी जबाबदारी आणि एक छोटी, याहून जास्त नको. वहीचा डावा रकाना लागोपाठ चार आठवडे कोरा राहिला तर पाळकसाहेबांना जाऊन सांगा: “दोन महिने मला गायनातून मोकळं करा, अमुक बहिणीला मी शिकवते.” हात वर करून अचानक सोडू नका, तुमच्या जागी उभं राहणाऱ्या माणसाला घेऊन जा.

हे जमतच नसेल अशा दिवसांत

ओली बाळंतीण, रात्रपाळी करणारा, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेली सून, यांना वरची वीस मिनिटंही मिळत नाहीत. त्यांनी ११७ वं स्तोत्र घ्यावं, दोनच वचनांचं आहे. तेवढं पुरे, त्यात कमीपणा मानू नये.

आणि शोक असेल, मन मेलं असेल, खोलीत बसवत नसेल, तर क्रम मोडा आणि आधी सभेत जा. काही बोलू नका, नुसते बसा. मार्क २ मध्ये त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी खाटेसकट उचलून आणलं, छप्पर उघडून खाली सोडलं, आणि प्रभूने त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला. तो माणूस स्वतः काही बोलल्याचं तिथे लिहिलेलं नाही.

मंडळीनेच दुखावलं असेल तर मोठ्या सभेत परतण्याची घाई नको. मंडळीतल्या एकाच विश्वासू माणसाबरोबर आठवड्यातून एकदा प्रार्थना करा. ती बहीण चार महिन्यांनी परत आली ती अशीच: आधी आम्ही दोघी तिच्या ओट्यावर बसायचो, मग तिची शेजारीण येऊ लागली, आणि एका मंगळवारी तिनेच विचारलं, “उद्याची सभा आमच्याकडे ठेवायची का?”